वटवाघळाचा राखणदार

येवसेई निकोनिच आमच्या गावचा नव्हे. तो व्यात्काकडचा, फार लांबचा. जर्मनांशी लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं, उन्हाळा उतरणीला लागला होता, तेव्हा एका पलटणीबरोबर तो आमच्या रानात आला. पलटण गेली, तो राहिला.

मी तेव्हा गाडी हाकायचो. लहानपणी घोड्याने लाथ मारून माझा गुडघा मोडला होता, म्हणून सैन्याने मला घेतलं नाही. थोरल्या भावाला घेतलं, तो गॅलिशियाच्या आघाडीवर मेला. त्याची बायको ग्लाफिरा, म्हणजे माझी वहिनी, गावाच्या टोकाला रानाला लागून असलेल्या घरात एकटीच राहायची. मूलबाळ नव्हतं. एक गाय होती, आणि जीभ होती. गावात दोन्हींचा दबदबा होता.

त्या उन्हाळ्यात मॉस्कोहून मालगाडीने लोखंडाचे अवाढव्य तुकडे येऊ लागले. स्टेशनवरून ते रानात न्यायला आम्हा गाडीवाल्यांना धरलं. काय वाहतोय ते विचारायचं नाही, कुठे बोलायचं नाही. रानात झाडं तोडून मोकळी जागा केली होती, भोवती कुंपण होतं, आणि आत ते सगळं जोडणं चाललं होतं. हळूहळू कुंपणावरून, मग झाडांवरून ते डोकं काढायला लागलं. सायकलीला असतात तशी आऱ्यांची दोन चाकं, पण उंची चर्चच्या घुमटाएवढी. मध्ये तोफांचा डबा, त्याच्या माथ्यावर आणखी एक, दोन्ही चाकांच्या बाहेर एकेक छोटा डबा, आणि मागे लांबलचक शेपटी. शेपटीच्या टोकाला एक बुटकं चाक. कुणा कप्तानाच्या डोक्यातून ते निघालं होतं. चाक एवढं मोठं असलं की खंदक आडवा येवो, काटेरी तार येवो, ते अडायचं नाही, असं त्याचं म्हणणं. शेपटी धरून उचललं तर उलटं लटकलेलं वटवाघूळ दिसेल, म्हणून शिपाई त्याला वटवाघूळ म्हणत.

चाचणीच्या दिवशी मोठमोठे अधिकारी मोटारींतून आले. आम्हाला कुंपणाबाहेर थांबवलं होतं, पण ते दिसायला आत जावं लागत नव्हतं. येवसेईच्या डाव्या हाताची दोन बोटं आघाडीवर गेली होती, म्हणून त्याला मागे पाठवून या कामावर लावलं होतं. त्या दिवशी आत वजन हवं म्हणून काही शिपाई डब्यांत बसवले, त्यात तो अगदी वरच्या डब्यात होता.

इंजिनं गरजली. रानातले सगळे कावळे उडाले. चाकं फिरली आणि ते खरंच निघालं. वाटेत बर्चचं एक जुनं झाड होतं, ते काडीसारखं कडकन मोडलं. अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजत होत्या तोवरच मागचं बुटकं चाक मऊ जमिनीत गेलं. पुढची चाकं नुसतीच गरगरत राहिली, माती उडवत राहिली. दुपारभर इंजिनं बोंबलली. संध्याकाळी मोटारी निघून गेल्या.

पुढे बरेच दिवस त्याला काढायचा खटाटोप चालला. खणलं, ओंडके घातले, माझा घोडासुद्धा जुंपला. आणखी ताकदीची इंजिनं येणार, असं कप्तान सांगत होता. मग बर्फ पडलं, कप्तान मॉस्कोला गेला आणि परत आला नाही. एक हवालदार आणि मूठभर शिपाई राखणीला ठेवले. त्यांत येवसेई.

वहिनी रोज कुंपणाच्या फाटकापर्यंत दूध घेऊन जायची. आत जायला कुणालाच परवानगी नव्हती. फाटकाशी बहुतेक येवसेईच असायचा, कारण बाकीचे आत शेकत बसलेले.

"जरा बघू तरी द्या की हो, पहारेकरीबुवा," ती म्हणायची. "एवढं दूध पाजतेय मी त्याला."

"दूध शिपाई पितात. आणि आत काय आहे ते गुपित आहे."

"गुपित! अहो, माझ्या अंगणातून त्याचं टाळकं दिसतं. शेजारच्या गावची म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू झालेली, तिला दिसतं. जर्मनाला तेवढं दिसत नसेल!"

"टाळकं दिसतं ते दिसू दे. बाकीचं गुपित."

तो हसायचा नाही. पण ती यायच्या वेळेला दाढी केलेली असायची, हे मी पाहिलं होतं.

दोन हिवाळे असे गेले. मग झार गेला. सैन्यातून माणसं घरी परतू लागली, गावोगावी जमीन वाटताहेत अशी बातमी आली. एका सकाळी हवालदार कुणालाही न सांगता निघून गेला. हवालदार गेल्यावर शिपाई कशाला थांबतात! जाताना त्यांतल्या एकाने येवसेईची बाही ओढली.

"चल ना रे निकोनिच. राखतोस काय? ते पळून जाणार आहे होय?"

"मला इथं उभं केलंय. ज्याने उभं केलं त्याने येऊन मोकळं करायला पाहिजे."

"तो येणार नाही."

"मग दुसरा कुणी येईल. नियम आहे."

लोक त्याला वेडा म्हणायला लागले. मी म्हणत नसे, पण मलाही कळत नव्हतं. एकदा फाटकाजवळच्या त्याच्या झोपडीत बटाटे द्यायला गेलो होतो, तेव्हा तू का थांबलास ते विचारलंच. त्याने चहा म्हणून वाळलेल्या रासबेरीच्या पानांचं पाणी दिलं.

"घरी भावाची चूल आहे," तो म्हणाला. "माझी बायको बाळंतपणात गेली, लढाईच्या आधीच. तिथं कुणी वाट बघत नाही."

"इथं तरी कोण बघतंय?"

त्याने माझ्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. म्हणाला, "तिखोन, मी त्या वरच्या डब्यात होतो. झाडांचे शेंडे माझ्या पायांखाली होते. रान संपतं तिथला कालवा दिसत होता, कालव्यावरची नाव दिसत होती, नावेतली बाई कपडे पिळत होती. आणि सगळं रान माझ्याकडे चालत येत होतं. मी जन्मभर चिखलातून चाललो. सैन्यात गेलो, तिथंही चिखल. तो एक क्षण तेवढा वरून गेलो." मग माझा हात धरून म्हणाला, "लोक म्हणतात ते चाललंच नाही. तू होतास ना बाहेर? चाललं होतं ते."

"चाललं होतं," मी म्हणालो.

त्यानंतर मी त्याला तो प्रश्न कधी विचारला नाही.

वहिनी मात्र आडपडदा ठेवणारी नव्हती. शिपाई गेले त्या वसंतात फाटकाशी दुधाचं मडकं ठेवून ती म्हणाली, तेव्हा मी गाडीवर बसलेलो होतो. माझ्यासमोरच म्हणाली.

"निकोनिच, माझं घर आहे. चूल आहे. गाय आहे. एका माणसाची जागा रिकामी आहे. आता मी याहून जास्त बोलणार नाही, मला लाज आहे."

येवसेईचे कान लाल झाले. टोपी काढून हातात धरून तो उभा राहिला.

"ग्लाफिरा सेम्योनोव्ना, मोकळा झालो की त्याच दिवशी येतो. शप्पथ."

"कोण मोकळं करणार तुम्हाला? झार गेला. कप्तान गेला. हवालदार पळाला. आता काय देव उतरून येणार आहे?"

"कुणीतरी येईल."

तिने दूध तिथंच ठेवलं आणि वळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घेऊन गेली. असं बरेच दिवस चाललं. रागावली तरी दूध चुकलं नाही.

मग उपासमारीची वर्षं आली. गावात खिळा मिळेना. रानात एवढं लोखंड उभं, लोकांचा डोळा त्यावर जाणारच. माणसं हातोडे, पहारी घेऊन यायची. येवसेई बंदूक घेऊन आडवा उभा राहायचा. बंदुकीत गोळी नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यालाही. काहीजण ओशाळून परत जायचे. काहीजण तो पाण्याला गेला की पत्रे उचकटून न्यायचे. आला की तो उघड्या पडलेल्या जागेवर फळ्या ठोकायचा.

अशाच एका हिवाळ्यात वहिनीचं छप्पर एका बाजूने बसलं. लाकूड कुजलं होतं, बर्फ वितळलं की थेट चुलीवर गळायचं. ती फाटकाशी गेली. त्या दिवशी हातात दूध नव्हतं, गाय आटली होती.

"दोन पत्रे द्या. मागच्या शेपटीचे. कुणाला कळणार नाही."

येवसेईने तिच्याकडे पाहिलं, मग शेपटीकडे पाहिलं. मी जवळच होतो. मला वाटलं, देणार. तोंड उघडलं होतं त्याने.

"माझ्या झोपडीचं छप्पर काढून देतो," तो म्हणाला. "ते माझं आहे. हे माझं नाही."

"तुमच्या झोपडीवर गवत आहे हो! गवताने पाणी थांबतं का?" तिचा आवाज चिरला. "चोरांनी निम्मं नेलं, त्यांना अडवता आलं नाही. मला तेवढं अडवता येतं. बरोबर आहे. मी विचारून मागितलं ना, चूक माझीच."

ती गेली ती पुन्हा फाटकाशी आली नाही. येवसेई खरंच झोपडीचं अर्धं छप्पर उतरवून, गवताचे भारे पाठीवर घेऊन तिच्या दाराशी ठेवून गेला. तिने ते गाईला घातलं. पुढे महिनाभरात तिने गाय विकली, घराला कुलूप लावलं आणि किमरीला बहिणीकडे गेली. तिथं जोडे शिवायच्या कारखान्यात बायकांना काम मिळत होतं. मीच तिला स्टेशनवर सोडलं.

येवसेईला कुणी सांगितलं नाही. कितीतरी दिवसांनी त्याने मला विचारलं, "तिकडच्या धुराड्यातून धूर दिसत नाही. ग्लाफिरा सेम्योनोव्ना आजारी आहेत का?"

"वहिनी किमरीला गेली."

"येणार?"

"नाही वाटत."

तो लाकूड फोडत होता. फोडतच राहिला.

त्यानंतरची वर्षं कशी काढली असतील त्याने, मला माहीत नाही. मी कधीतरी जायचो, पण गाडीवाल्याला तरी किती वेळ असतो. कधी गेलो तर आऱ्यांवरचं बर्फ काठीने पाडत असायचा. वरच्या डब्यात कावळ्यांनी घरटी केली होती, ती त्याने काढली नाहीत. बोलणं कमी कमी होत गेलं. दाढी छातीपर्यंत आली. गावात मीठ घ्यायला आला की पोरंसोरं नाही, मोठी माणसंच विचारायची, "काय बुवा, बर्लिन आलं का?" तो मीठ घेऊन निघून जायचा.

मग एके उन्हाळ्यात मॉस्कोहून भंगारवाले आले. सरकारी टोळी होती. छिन्न्या, मोठाले हातोडे, लोखंड तापवायची भट्टी, सगळं घेऊन. मुकादम होता झाखार नावाचा, गालावर भाजल्याचा डाग असलेला, थोराड माणूस. मीच त्यांचं सामान आणलं होतं. फाटकाशी येवसेई उभा. टोपी, पट्टा, बंदूक, सगळं जागच्या जागी.

"कोण तुम्ही? आत यायला मनाई आहे."

टोळीतली माणसं खो खो हसली. एकजण म्हणाला, "आजोबा, बाजूला व्हा, नाहीतर तुम्हालाही वितळवू."

झाखार हसला नाही. "किती वर्षं उभा आहेस, भाऊ?"

"पहिल्यापासून."

"कुणी सोडलं नाही तुला?"

"नाही."

झाखारने खांद्यावरची छिन्नी खाली ठेवली. "मी तोफखान्यात होतो," तो म्हणाला. "मला प्रेतांजवळ उभं करून विसरले होते. दोन दिवस. तेवढ्यानेच माझं डोकं फिरलं होतं." त्याने सदऱ्याची बटणं लावली, टाचा जुळवल्या आणि रानात घुमेल अशा आवाजात म्हणाला, "पहारेकरी, जागा माझ्या ताब्यात दे!"

येवसेईने टाचा जुळवल्या. त्याने बंदूक सरळ केली. "ताब्यात दिली. पहाऱ्यात काही घडलं..." आणि थांबला. काय सांगणार? काय काय चोरीला गेलं, कोण कोण आलं नाही, हे सगळं कुठून सुरू करणार? "पहाऱ्यात काही विशेष घडलं नाही," तो म्हणाला.

"मोकळा आहेस. जा, भाऊ."

आता कुणी हसत नव्हतं. येवसेईने बंदूक झाखारच्या हातात दिली आणि माझ्या गाडीत येऊन बसला. मागून पहिला हातोडा पडला तेव्हा त्याने डोळे मिटले, पण वळून पाहिलं नाही.

"किमरीला जायचं तर गाडी कुठून मिळेल?" त्याने विचारलं.

तो गेला. आठवडा व्हायच्या आत परत आला. दाढी कापलेली होती, सदऱ्याला नवीन बटण होतं. त्याने आपणहून सांगितलं. वहिनीने दार उघडलं, आत बसवलं, कोबीचं सार वाढलं. बटण तुटलेलं दिसलं तर सदरा काढायला लावून शिवून दिलं. रागावली नव्हती.

"म्हणाली, निकोनिच, तुम्ही खोटं बोलला नाहीत, मोकळे झालात आणि आलात. पण मी इतकी वर्षं एकटी जेवले, की समोर कुणी बसलं की आता मला घास गिळवत नाही." त्याने नव्या बटणावरून अंगठा फिरवला. "खरंच गिळवत नव्हता तिला. मी बघत होतो."

पुढे तो आमच्याच गावात राहिला. उन्हाळ्यात गावची गुरं राखायचा, हिवाळ्यात माझ्या मागच्या खोलीत. गुरं त्याच्यावर माया करायची. माणसांशी तो बोलायचा, पण तेवढ्यास तेवढं. नवे लोक आले, सामुदायिक शेती आली, वटवाघळाची गोष्ट कुणी खरी मानेना. एवढं मोठं चाक असतं का कुठे? तो वाद घालत नसे.

एका हिवाळ्यात त्याला छातीचा आजार झाला आणि तो गेला. मी किमरीला निरोप धाडला. वहिनी आली, पण पुरून झाल्यावर आली. थकली होती, बोटं शिवणकामाने वाकडी झाली होती. थडग्याशी उभी राहिली, क्रूसाची खूण केली. मग माझ्या घरी येऊन तिने त्याची खोली झाडली, अंथरूण उन्हात घातलं, त्याचे बूट पुसून ठेवले. तळ बघितले आणि म्हणाली, "कुणी शिवलेत हे? टाका किती लांब घातलाय! आणले असते तर मी दिले असते करून."

स्टेशनवर गाडीला उशीर होता. ती बाकावर बसून, हातातला पावाचा तुकडा न खाता, कितीतरी वेळ मला बुटाचा तळ कसा शिवायचा ते समजावून सांगत राहिली. मी हो हो म्हणत राहिलो.