नीलाताईंनी माफी मागितली नाही

ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत होते तेव्हा नीलाताईंच्या नवऱ्याचा, अशोकरावांचा फोन आला. "रोहिणी, नीला गेली," एवढंच म्हणाले. फावडं तिथेच टाकून मी समोरच्या घरात धावले. रिचमंड हिलच्या त्या रस्त्यावर आमची घरं समोरासमोर आहेत. संध्याकाळपर्यंत देवळातल्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज सुरू झाले. कुणी लिहिलं, शेवटी प्रारब्ध. कुणी लिहिलं, वेळेवर टेस्ट करायला हव्या होत्या. कुणी लिहिलं, मन पॉझिटिव्ह ठेवलं असतं तर... माणूस जाऊन दिवस मावळला नव्हता आणि सगळ्यांना कारण सापडलं होतं! त्याला काही आठवडे झाले. आता लिहिते आहे, कारण नीलाताईंबद्दल सध्या जे सांगितलं जातंय, तशा त्या नव्हत्या.

नीलाताई सबनीस पॅथॉलॉजिस्ट होत्या. कुणाच्या तरी शरीरातून काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि त्यात कॅन्सर आहे की नाही ते लिहायचं, हे त्यांचं काम. लॅबला निघण्याआधी गणपतीची पूजा करायच्या, तीही मनापासून. एकदा माझ्या छातीत गाठ निघाली आणि रिपोर्ट अर्धवट आला, पुन्हा तपासणी करा म्हणून. तो घेऊन मी रडत त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "ताई, काही नाही म्हणून सांगा ना." त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "यावरून कळत नाही, रोहिणी. तुला बरं वाटावं म्हणून मी काहीतरी ठोकून देणार नाही." मला इतका राग आला! त्यांनी मला उठू दिलं नाही. देवासमोर शेजारी बसवलं आणि गणपतीच्या स्तोत्राचं आवर्तन म्हटलं. मी चिडून विचारलं, "यानं गाठ जाणार आहे?" "गाठीचं मला ठाऊक नाही. मला मात्र यानं भीती असतानाही बसता येतं." पुढे गाठ साधी निघाली. पण ती वाईट निघाली असती तरी त्या दुपारी त्या माझ्याशी खरंच बोलल्या, हे बदललं नसतं.

माझा नवरा विवेक पक्का नास्तिक. तो त्यांना डिवचायचा, "ताई, सायंटिस्ट असून तुम्ही हे कसं करता?" त्या हसून म्हणायच्या, "तुला इतकी खात्री कशी असते रे? मला माझ्या रिपोर्टचीसुद्धा नसते." आणि त्याला दुसरा चहा द्यायच्या.

देवळात गणेशोत्सवाची आवर्तनं वर्षानुवर्षं त्याच सांगत. एका वर्षी कमिटीने भारतातून एक गुरुजी बोलावले. आवर्तनं झाल्यावर त्यांचं व्याख्यान झालं. मंत्राच्या ध्वनिलहरींनी पेशी दुरुस्त होतात, विज्ञानानेही ते आता मान्य केलंय, वगैरे. टाळ्या पडत होत्या. मागून एक मुलगी उठली. कॉलेजात शिकणारी, पार्ट-टाइम नोकरीचा टी-शर्ट अजून अंगात. म्हणाली, "नाशिकला माझ्या आईची केमो चालू आहे. तिला खूप त्रास होतो. थांबवली तर चालेल का?" गुरुजी म्हणाले, "श्रद्धा पूर्ण असेल तर गरजच नाही."

नीलाताई पहिल्या रांगेतून उठल्या. गुरुजींकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ त्या मुलीला म्हणाल्या, "बाळा, औषध थांबवायचं नाही. आईला फोन कर, आत्ता कर." मग वळल्या. "गुरुजी, हे मंत्र मी रोज म्हणते. त्यांच्या नावावर असली हमी देऊ नका. लोक मरतात." कमिटीच्या अध्यक्षांनी माईक ओढून घेतला, पाहुण्यांचा अपमान झाला, ताईंनी माफी मागावी म्हणाले. ताईंनी पर्स उचलली, देवाला नमस्कार केला आणि बूट घालून निघून गेल्या.

पुढच्या वर्षी आवर्तनं सांगायला दुसरं कुणी होतं. ताईंनी स्वतःच्या बेसमेंटमध्ये सतरंजी अंथरली. तिथे आम्ही मोजकीच माणसं. ती मुलगी, प्राजक्ता, बस बदलत बदलत यायची. तिच्या आईचे उपचार चालू राहिले आणि तरीही आई गेली. तेव्हा कमिटीतल्या एकांनी ताईंना ऐकवलं, "बघा, तुमच्या विज्ञानानं काय केलं?" ताई म्हणाल्या, "जेवढं येत होतं तेवढं केलं." त्या रविवारी प्राजक्ता आली आणि ताईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

मग ताईंनाच स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. त्यांनी केमो घेतली आणि पूजाही सोडली नाही. अशोकराव पार खचले. एक दिवस कुणाकडून तरी त्याच गुरुजींचा मंतरलेला दोरा घेऊन आले. मी तिथेच होते. "नीला, बांधून तर बघू. नुकसान काय आहे?" ताईंनी हात पांघरुणाखाली घेतला. "अशोक, हा बांधला तर प्राजक्ताला जे सांगितलं ते मीच खोटं पाडलं." "मग मी काय करू?" ते रडायलाच लागले. "बस इथे. जाऊ नकोस कुठे." पुढे एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "भीती वाटते गं. खूप वाटते. पण खोटं ऐकून ती कमी होत नाही..."

शोकसभा देवळाच्या हॉलमध्येच झाली. अध्यक्ष बोलले, "शेवटी ताईंनी गुरुजींचा दोरा स्वीकारला आणि समाधानाने गेल्या." अशोकराव खाली मान घालून बसले होते. मग विवेक उठला. म्हणाला, ताई आतून आमच्यासारख्या नास्तिकच होत्या, पूजा म्हणजे नुसते संस्कार. तेव्हा मात्र मला बसवेना. मी उभी राहिले. "दोरा त्यांनी बांधला नाही. मी समोर होते. आणि विवेक, त्यांचा देवावर विश्वास होता, तुला पटो न पटो. त्या समाधानाने गेल्या की नाही, हे इथे कुणालाच माहीत नाही. त्यांना भीती वाटत होती आणि तरी त्या खोटं बोलल्या नाहीत. एवढं सांगा लोकांना." दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. तिसऱ्या दिवशी विवेक म्हणाला, "मला त्यांना विचारायला हवं होतं." मी म्हटलं, "हो, हवं होतं."

परवाच्या रविवारी प्राजक्ता आणि मी ताईंच्या बेसमेंटमध्ये गेलो. वाटलं होतं, दार बंद असेल. पण अशोकरावांनी सतरंजी अंथरली होती, थोडी वाकडीच. त्यांनी जन्मात कधी आवर्तन म्हटलेलं नाही. ताई सांगायच्या तेव्हा ते वर बसून हॉकीची मॅच बघायचे. आम्ही बसल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. शब्द चुकत होते, ओळी गाळल्या जात होत्या, आवाज मात्र वरच्या मजल्यापर्यंत जाईल इतका मोठा. प्राजक्ताने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी त्यांच्या चुकांसकट त्यांच्या मागून म्हणायला सुरुवात केली.