असं कोण म्हणतं?

आमच्या शेजारचे प्रोफेसर ब्लॅक अमेरिकन आहेत, चांगले सहा फूट. इथं अमेरिकेतल्या शहरांत कुणाच्या गल्लीत बस येते आणि कुणाच्या येत नाही, त्यात माणसाच्या रंगाचा किती हात, याच अभ्यासात त्यांचा जन्म गेला. घरी गाडी आहे, पण फिरतात बसनं. मला काकू म्हणतात, माझ्या नातीनं शिकवलंय. काहीही सांगा, चष्मा कपाळावर चढवून विचारणार, "असं कोण म्हणतं, काकू?" एकदा मी म्हटलं, आपली वस्ती चांगली आहे हो. तर तेच. आता काय सांगू? घर घेताना ते दाखवणारी एजंट बाई म्हणाली होती.

यंदा आमचा बसस्टॉप काढायचं घाटत होतं. टाउन हॉलमध्ये मीटिंग झाली, बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. बसमुळे बाहेरचे लोक येतात, असं एकेक जण गोड शब्दांत सांगत होता, त्यात आपले मराठीही दोघं होते. मला ड्राइव्ह करता येत नाही. बस गेली की माझी लायब्ररी गेली, देऊळ गेलं. म्हटलं, आता प्रोफेसर उठतील आणि सगळ्यांना गप्प करतील.

ते उठले आणि म्हणाले, "माझी तीन मिनिटं काकूंना द्या. रोज बसनं त्या जातात."

मी उठले आणि मोडक्या इंग्लिशमध्ये बोलले. "त्या बसमधली बाहेरची बाई मीच. सतरा वर्षं इथं राहते."

स्टॉप राहिला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी प्रोफेसरांना म्हटलं, काल मी बरी बोलले.

चष्मा कपाळावर गेला. "असं कोण म्हणतं, काकू?"

"मी म्हणते," मी म्हटलं.