पितळेचं ड्रिल

लढाईच्या दिवसांत गोंदियात भोकं पाडायचं नवं ड्रिल मिळेनासं झालं होतं. आमच्या तांदळाच्या गिरणीत तीनच उरली होती आणि फिटर म्हणून ती सांभाळणं माझ्याकडे होतं. दोन लोखंडासाठी, चांगल्या धारेची. तिसरं पितळेसाठी; त्याची धार मी साणेवर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, मुद्दाम थोडी बोथट करून ठेवायचो. पितळ मऊ असतं. तीक्ष्ण धार त्यात एकदम घुसते, अडकते आणि वस्तूच हातातून हिसकून नेते.

रोज सकाळी पाहावं तर तिसऱ्यालाही लख्ख धार. हे आमचे म्हातारे मिस्त्री करत. मला हातोडी धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

"बोथट ड्रिल काऊन ठेवून राहिला? मी नीट केलं."

"मिस्त्री, ते पितळेचं आहे. किती वेळा सांगू?"

ते मान हलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घासून घासून ड्रिल झिजत चाललं.

धान यायला लागलं आणि एका यंत्राची पितळी पट्टी तुटली. नव्या पट्टीला आठ भोकं पाडून प्रत्येकाचं तोंड वाटीसारखं रुंद करायचं होतं, म्हणजे स्क्रूचं डोकं वर राहत नाही. घाईत मी धार तपासली नाही. पाचव्या भोकाला ड्रिल अडकलं, पट्टी गरकन फिरली आणि माझा तळवा फाटला. पट्टी वाकडी झाली. जवळच्या गोरेगावकडून धान घेऊन आलेल्या बैलगाड्या फाटकाबाहेर तशाच उभ्या राहिल्या.

हाताला चिंधी बांधून मी मिस्त्रींसमोर गेलो आणि ड्रिल पुढे केलं. "हे कोणतं आहे, सांगा."

त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग धारेवरून अंगठा फिरवला. "लोखंडाचं."

लोखंडाची दोन्ही तर माझ्या खिशात होती. तेव्हा मला कळलं. ते अंगठ्यानेच सगळं ओळखत होते. डोळे कधीचेच गेले होते. मॅनेजरला सांगितलं असतं तर त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं असतं. माझा राग मला गिळावा लागला, आणि हात तर ठणकत होता.

मी पितळेच्या ड्रिलच्या दांड्यावर कानसीने खाच पाडली. "हाताला खाच लागली की साणेवर नका घेऊ."

"काऊन? मले दिसत नाई असं वाटते काय तुले?"

ड्रिल जागेवर ठेवून मी कामाला लागलो. त्या दिवसापासून त्यांनी साणेला हात लावला नाही. मला हेच हवं होतं, तरी चैन पडेना. पोलादी पत्र्यावर भोकाचं तोंड रुंद करताना माझं ड्रिल थरथरायचं, कडा फुलाच्या पाकळ्यांसारखी उमटायची. मिस्त्रींना विचारलं की म्हणत, "तुले तर सगळं येते."

दोन महिने पत्रे बिघडवून शेवटी मला उमगलं: हळू फिरवायचं, दाब जास्त द्यायचा. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं, पण त्या खाचेपासून त्यांनी मला काही शिकवलं नव्हतं.