देवाकडून उसने

अनसूयाकाकू उज्जैनला माधव नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. जन्मभर बँकेच्या कर्जविभागात होत्या. अजूनही कोणाचा हप्ता थकला की लोक त्यांना जिन्यात गाठतात. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या. तरी मी त्यांना मैत्रीण म्हणते, कारण त्यांनीच तसं सांगितलं आहे.

त्यांच्या सासरचं कुलदैवत कोकणात, केळशेत नावाच्या गावी. सासरची माणसं काही पिढ्यांपूर्वी शिंद्यांच्या दप्तरात कामाला आली आणि उज्जैनचीच झाली. देव तिथेच राहिला. इथली दहा-बारा घरं दर वर्षी सोमेश्वराची वर्गणी पाठवतात. ती गोळा करायचं काम काकूंचं. गेली काही वर्षं सगळे तांब्याच्या कळसासाठी देत होते. पैसे देवळाच्या खात्यात जमले होते.

या फेब्रुवारीत केळशेतच्या सरपंचबाईंचा, अमृताचा, फोन आला. मी काकूंकडे चहा पीत होते.

"काकी, कळस थोडा थांबेल काय?" ती म्हणाली. "खारबांध चाललाय."

गावाच्या भातशेतीपुढे मातीचा लांब बांध आहे. तो समुद्राचं पाणी अडवतो. पूर्वी मोठं उधाण वर्षातून एखाद्या वेळी बांधावरून यायचं. आता दर पावसाळ्यात येतं. निम्म्या शेतांत मीठ बसलंय. देवळाखालच्या दोन विहिरी मचूळ झाल्यात. बांध उंच करायला सरकारी योजना आहे, समुद्र वाढतोय म्हणूनच काढलेली. पण पैसे मिळणार काम पुरं झाल्यावर. आधी खर्च गावाने करायचा.

"गावाकडे असते तर योजना कशाला हवी होती?" अमृता म्हणाली.

काकू हसल्या. "बँकाही अशाच असतात गं. छत्री देतात, ऊन पडल्यावर."

रविवारी त्यांनी सगळ्या घरांना बोलावलं. भय्यासाहेब नानाखेड्याहून स्कूटरवर आले. ते काकूंचे चुलत दीर आणि कुळातले सगळ्यात वडील.

"अनसूया, हा देवाचा पैसा आहे. तुझ्या बँकेचा नाही, समझलीस?"

"समझले."

"आणि क्षिप्रेला पूर येतो तेव्हा केळशेतवाले एक पैसा तरी पाठवतात का?"

"नाही पाठवत. पण आपला देव त्यांच्याकडे आहे. त्याची पूजाअर्चा तेच करतात. आपण फक्त वर्गणी देतो."

बराच वेळ वाद झाला. शेवटी भय्यासाहेब म्हणाले, "कौल लावा. देव म्हणेल ते." ते सगळ्यांनी मानलं. त्या घरांत लग्नाचा निर्णयही कौल लावून होतो.

कौल म्हणजे देवाला विचारणं. केळशेतच्या देवळातला विष्णू गुरव पिंडीवर ओल्या पाकळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. तोच प्रश्न वर्षभर पुन्हा विचारता येत नाही. व्हिडिओ कॉल लागला. मी फोन धरला होता. काकूंनी हात जोडून विचारलं, "कळसाचे पैसे बांधाला द्यावेत का?"

डावी पाकळी पडली.

"संपलं," भय्यासाहेब म्हणाले. ते खूश दिसत नव्हते. सुटल्यासारखे दिसत होते.

मला वाटलं काकू आता विषय सोडतील. तिसऱ्या दिवशी वरून हाक आली.

"अपूर्वा, माझं चुकलं. मी देवाकडे दान मागितलं. तेही त्याच्याच पैशातून. जन्मभर समोरच्या माणसाला एकच विचारत आले, परत कसे देणार? आणि स्वतः मागताना तेच सांगितलं नाही."

"मग?"

"उसने मागायचे. सरकारचे आले की परत. दिवाळीपर्यंत नाही आले तर जामीन मी. माझी ठेव आहे ना. तू साहित्य शिकलीस, प्रश्न नीट लिहून दे. एकच वाक्य हवं. देवाला पोटकलमं चालत नाहीत."

ती ठेव मला माहीत होती. गुडघ्याचं ऑपरेशन आणि पुढची वर्षं, सगळं तिच्यावर होतं. मुलगा नाही, मुलगी नाही. काका जाऊन बरीच वर्षं झाली.

"काकू, तुम्ही तो बांध पाहिलाय तरी का?"

"पाहिलाय. लग्नानंतर पाया पडायला गेलो होतो. परतीची एस.टी. लगेच होती. समुद्र बांधाच्या पलीकडे होता, तेवढं चढून जायला वेळ झाला नाही."

"मतलब समुद्र पाहिलाच नाही?"

"फोटोत पाहिलाय."

दुसरा प्रश्न भय्यासाहेबांच्या समोरच विचारला. "अनसूया जामीन राहते आहे, बांधासाठी पैसे उसने देशील का?" विष्णूने पाकळ्या लावल्या. खूप वेळ काहीच हललं नाही. मग उजवी पडली.

भय्यासाहेब खुर्चीत मागे टेकले. "देवसुद्धा तारण बघतो," ते म्हणाले.

मेअखेर बांध पुरा झाला. ऑगस्टच्या उधाणात अमृताने व्हिडिओ पाठवला. पाणी बांधाला टेकलं होतं. वर आलं नाही. आत भात हिरवं होतं. काकूंनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, आवाज बंद करून.

योजनेचे पैसे आले नाहीत. आधी कोणी पाहणीला आलं नाही. मग पाहणी झाली, तर कागद वरच्या कार्यालयात अडकले. दिवाळीनंतर देवळाच्या विश्वस्तांनी विचारणा केली. कळसाच्या कारागिराला सांगून झालं होतं. त्यांचं चुकलं नव्हतं.

भय्यासाहेब स्वतः आले. "अनसूया, थोडं थांबायला सांगतो त्यांना. माझं ऐकतील."

"नको. मुदत ठरली होती."

"पण सरकार देईल ना कधीतरी."

"देईल तेव्हा देईल. मी सरकारपुढे जामीन राहिले नव्हते, देवापुढे राहिले होते."

आम्ही तिघं बँकेत गेलो. काउंटरवरचा मुलगा काकूंना ओळखत होता. "मॅडम, अभी तोड़ेंगी तो ब्याज का नुकसान है. दो महीने रुक जाइए."

"बेटा, मैंने भी बहुतों को यही बोला है," काकू म्हणाल्या. "किसी ने सुना नहीं."

त्यांनी सही केली. भय्यासाहेब बाजूला उभे होते. मग त्यांनी कोटाच्या खिशातून चेकबुक काढलं आणि त्या मुलाकडे पेन मागितलं.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"निम्मं माझं. कौल मीच लावायला सांगितला होता."

"जामीन मी एकटी होते, भय्यासाहेब."

"वडील मी आहे. गप्प बस."

त्या गप्प बसल्या. मी त्यांना गप्प बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. पेन चालेना. मुलाने दुसरं दिलं.