स्वस्तिकाखालची ओळ

दसरा, २००१. वाहनखरेदी. जबाबदार: मी, एकटा.

जानेवारी २००३. न्यू जर्सीत, रूट वनवर, चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले. जबाबदार: गाडी बनवणारी कंपनी.

मार्च २००३. कंपनीच्या ग्राहक विभागाचे पत्र. जबाबदार: ज्याची सही वाचता येत नाही तो सही करणारा.

मार्च २००३ ते मे २००६. माझ्या पत्नीने गाडी चालवणे सोडले. जबाबदार: वरील सर्व, आणि त्यांतही प्रथम मी.

ही यादी मी तीनदा नव्याने लिहिली आहे. पहिल्या दोन खेपांना शेवटच्या नोंदीत माझा उल्लेख नव्हता.

मी कायद्याची पदवी पुण्यात घेतली आणि नोकरी न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीच्या दावे विभागात केली. वकिली करायची राहिली, पण कागद शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचायची सवय मात्र जडली. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. पदपथावरच्या बर्फाबद्दल नगरपालिकेला, चुकीच्या व्याकरणाबद्दल ग्रंथालयाला, आणि सर्व काही रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह. इथेच जन्मलेली माझी मुलगी म्हणते, "बाबा, तू बर्थडे कार्डलापण रिटर्न रिसीट लावतोस." हे एकदाच घडले होते, आणि त्याला कारण होते.

गाडीच्या बाबतीत मात्र मी वाचणारा नव्हतो, भक्त होतो. सत्तरच्या दशकात आम्ही आलो तेव्हा घेतलेली पहिली गाडी अमेरिकन होती, आणि ती न्यू जर्सीतल्याच एका कारखान्यात तयार झालेली होती. आमचा डावीकडचा शेजारी त्याच कारखान्यात दारे बसवायचा. आमच्या गाडीकडे पाहून तो म्हणाला होता, "हे दार माझं असू शकतं." मला ते एखाद्या नात्यासारखे वाटले. माझ्या पत्नीला गाडी चालवायला त्यानेच शिकवले, रविवारी, कारखान्याच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. मी शिकवताना ओरडतो अशी तिची तक्रार होती. तक्रार खरी होती. तो तिला "मॅम, उजवा आरसा" एवढेच म्हणायचा, आणि सहा रविवारांत ती परवाना घेऊन आली. त्यानंतर आम्ही ज्या गाड्या घेतल्या, त्या सगळ्या त्याच कंपनीच्या.

दरम्यान आमच्या मराठी मंडळातली तरुण मुले डोळे मिटून जपानी गाड्या घेत होती. ओक ट्री रोडवरच्या वाणसामानाच्या दुकानात, तांदळाची पोती निवडताना, नागपूरच्या एका मुलाने मला गाठले होते.

"काका, अमेरिकन गाडी काय घेऊन राहिले तुम्ही? रीसेल बघा ना, यार, रीसेल!"

"मी गाडी विकण्यासाठी घेत नाही."

"मग कशासाठी घेता?"

"चालवण्यासाठी."

"तेच तर म्हणतो, काका. जपानी चालते."

आजूबाजूचे सगळे हसले. मी तांदूळ न घेताच बाहेर आलो.

२००१ च्या शरदात, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर, घराघरावर झेंडे लागले होते. पेट्रोल पंपावर लोक आमच्याकडे एक क्षण जास्त पाहू लागले होते. त्या दसऱ्याला मी नवी अमेरिकन गाडी घेतली ती निष्ठेने घेतली असे मी सर्वांना सांगितले. अर्धे खरे. उरलेले अर्धे भीतीने घेतली. आपण कुठले आहोत हे दारात उभ्या असलेल्या गाडीने सांगावे, अशी माझी इच्छा होती; काचेला मी अमेरिकेचा छोटा झेंडाही लावला.

पूजेची वेळ आली तेव्हा पत्नीने ओले कुंकू कालवले आणि बोट बॉनेटकडे नेले. मी तिचा हात धरला. आपल्या अंगणात, रस्त्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीवर स्वस्तिक काढले, तर या देशात त्याचा काय अर्थ लावला जाईल हे मी तिला समजावले. तिने विचारले, "मग काढू कुठे?" खिडकीला लावलेले विक्रीचे मोठे स्टिकर मी नुकतेच सोलून काढले होते. मी ते बॉनेटवर पसरले. म्हटले, "यावर काढ. रंगालाही ओरखडा नको." तिने कागदाच्या तळाशी ठसठशीत स्वस्तिक काढले, हळद वाहिली, झेंडूचे फूल ठेवले. नारळ मी बाजूला, फरशीवर फोडला. वाळल्यावर तो कागद मी फाइलमध्ये लावला. न वाचता. माझ्या आयुष्यातला बहुधा हा एकमेव छापील कागद, जो मी न वाचता फाइलला लावला.

पुढच्या गोष्टीला सव्वा वर्ष लागले. पत्नी दर रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत धाकट्यांचा वर्ग घेत असे. जानेवारीतल्या एका रविवारी ती शाळेतून परतत असताना रूट वनवर इंजिन बंद पडले. मागे ट्रक होता. स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. तिने दोन्ही हातांनी ओढून गाडी कडेला आणली. गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकमधून ती घरी उतरली तेव्हा तिच्या हातात मुलांच्या शुद्धलेखनाच्या वह्या तशाच होत्या.

"अहो, बंद पडली. चालता चालता."

मी विचारलेला पहिला प्रश्न असा होता: "चावीला गुडघा लागून ती फिरली का तुझ्याकडून?"

डीलरकडे काही सापडले नाही. मी कंपनीला लिहिले. मार्चमध्ये उत्तर आले. 'आदरणीय निष्ठावंत ग्राहक' अशी सुरुवात होती, आणि पुढे: वाहनात दोष आढळलेला नाही, असे प्रसंग चालकाच्या सवयींमुळेही उद्भवू शकतात. मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर मी मान डोलावली. मी मान डोलावली हे पत्नीने पाहिले.

"मग मीच," ती म्हणाली. उठून तिने तिची चावी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवली. तीन वर्षे ती तिथेच होती.

त्या तीन वर्षांत मी कंपनीला आणखी चार पत्रे लिहिली. चाचणी अहवालाची प्रत का दिली नाही, उत्तराला विलंब का झाला, सही वाचता का येत नाही. सगळी कार्यपद्धतीबद्दल. तिच्याबद्दल एकही नाही. उत्तरे चारही सारखीच आली. दर रविवारी मी तिला शाळेत सोडत असे. ती पिशवी घेऊन दारात उभी असे, आणि मी पाकीट चिकटवून संपवत असे. तिचा वर्ग अनेकदा उशिरा सुरू झाला. पुढे तिने धाकट्यांचा वर्ग दुसऱ्या बाईंना देऊन टाकला, "मुलं ताटकळतात" म्हणून. गाडी माझ्या हातात कधीच बंद पडली नाही. हा मी पुरावा मानला.

मधल्या काळात शेजाऱ्याचा कारखाना बंद झाला. शेवटच्या दिवसानंतर तो आमच्या अंगणात येऊन उभा राहिला, आमच्या गाडीचे दार उघडून त्याने लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. "हे माझं नाही," एवढे म्हणून तो घरी गेला. मला तेव्हा ते समजले नाही.

मे २००६ मध्ये मुलगी घरी आली आणि तिने एका वाक्यात निकाल दिला.

"आईला तिची स्वतःची गाडी हवी. अँड नॉट युअर काइंड, बाबा."

जपानी गाड्यांच्या दुकानात मी केवळ निरीक्षक म्हणून जाण्याचे मान्य केले. तिथे पोचताच निरीक्षण संपले आणि भाषण सुरू झाले. ज्या देशाने आपल्याला अन्न दिले त्या देशातल्या कामगाराच्या पोटावर पाय देऊन परदेशी गाडी घेणे, वगैरे. विक्रेता नम्रपणे ऐकत होता. पत्नी एका गाडीच्या खिडकीतून आत पाहत होती, हात मागे बांधून, जसे वस्तुसंग्रहालयात पाहतात.

मुलीने खिडकीवरच्या कागदावर बोट ठेवले. "बाबा, स्टिकर वाच. कुठे बनली ते लिहावंच लागतं. इट्स द लॉ. तुझं फेव्हरेट."

मी वाचले. अंतिम जुळणी: ओहायो.

"आमच्याकडेही असा कागद आहे," मी विक्रेत्याला बजावले. "तासाभरात आणून दाखवतो."

घरी येऊन मी फाइल काढली. कागद तळाशी होता, हळदीने पिवळा. किंमत दिसत होती, इंजिनाची माहिती दिसत होती. जुळणीच्या ठिकाणाची ओळ जिथे असायला हवी, बरोबर तिथे स्वस्तिकाचा खालचा हात आडवा गेला होता. मी कागद खिडकीच्या काचेला लावला आणि उजेडात डोळे बारीक केले. पत्नी मागे येऊन उभी राहिली.

"काय लिहिलंय?"

मी कागद काचेवर आणखी दाबून धरला.

"अहो, काय लिहिलंय?"

"ऑन्टारिओ. कॅनडा."

ती हसू लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग उघडपणे, खुर्चीचा आधार घेऊन. "म्हणजे आपण कॅनडाची पूजा केली! आणि झेंडा कुणाचा लावला होतात काचेला?" मुलगी जमिनीवर बसून हसत होती. तीन वर्षांत त्या घरात इतक्या मोठ्याने कुणी हसले नव्हते. कॅनडावर माझा राग नाही. तिथेही कुणीतरी दारे बसवतोच.

पण हसू ओसरल्यावर मी ती ओळ पुन्हा वाचली. माझ्या निष्ठेचा एकमेव लेखी पुरावा साडेचार वर्षे माझ्याच कपाटात होता आणि तो माझ्याविरुद्ध होता. मग दुसऱ्या प्रकरणात मी काय वाचले होते? रूट वनवरच्या घटनेला एकच प्रत्यक्ष साक्षीदार होती. तिची साक्ष मी घेतलीच नव्हती. मी तिला फक्त आरोपाचा प्रश्न विचारला होता, आणि त्या गाडीत कधीही न बसलेल्या माणसाचे पत्र ग्राह्य धरले होते. दावे विभागातल्या नवशिक्याने असे केले असते, तर मी त्याला घरी पाठवले असते.

मी तिला खुर्चीवर बसायला सांगितले. "त्या दिवशी काय झालं ते सांग. सगळं."

तिने सांगितले. आधी दिवे लुकलुकले. रेडिओ चालू होता. पाय ब्रेकवर जायच्या आधीच इंजिनाचा आवाज गेला. "आणि गुडघ्याचं म्हणाल, तर मी पाच फूटसुद्धा नाही हो. माझा गुडघा चावीपर्यंत पोचतच नाही."

मी अंगणात गेलो. सीट तिच्या मापाने पुढे ओढली, तिला बसवले, आणि गुडघा ते चावी हे अंतर हाताने मोजले. पूर्ण वीतभर.

"चूक तुझी नव्हती," मी म्हणालो.

"हे तुम्हाला आज कळलं," ती म्हणाली. "वाईट एवढंच, की मलाही वाटायला लागलं होतं की माझीच."

त्याच संध्याकाळी आम्ही परत गेलो. शेजाऱ्याला मी मुद्दाम बोलावले. वाटले होते, तो नकार देईल. तो टोपी घालून तयार होता. दुकानात त्याने त्या गाडीचे दार उघडले, लावले, फटीवरून अंगठा फिरवला, पुन्हा लावले. "ज्यानं हे बसवलंय त्याला काम येतं," तो म्हणाला. मग विक्रेत्याला विचारले, "ओहायोत माणसं घेतायत का?" आम्हाला हसावे की नाही कळेना, म्हणून तोच हसला.

चाचणीसाठी पत्नी चालकाच्या जागी बसली. तिने सीट पुढे घेतली, चावी हातात धरली, आणि थांबली. बराच वेळ थांबली. मी ओरडलो नाही. हे मी नोंदीसाठी सांगतो. मागच्या सीटवरून शेजारी म्हणाला, "मॅम, उजवा आरसा."

तिने उजवा आरसा पाहिला आणि गाडी रूट वनवर घातली.

तीच गाडी आम्ही घेतली. तिची पूजा झाली तेव्हा घरात नवा नियम झाला होता: आधी कागद वाचायचा, मग कुंकू लावायचे. स्वस्तिक तिने या वेळी डॅशबोर्डच्या कप्प्याच्या आत, झाकणाला काढले, जिथे ते तिला दिसते आणि कुणाला काही समजावून सांगावे लागत नाही. त्या ऑगस्टपासून धाकट्यांचा वर्ग पुन्हा तिच्याकडे आहे आणि वेळेवर सुरू होतो.

जुनी गाडी मी ठेवली, पोस्टात जायला. तिच्या नावे या वर्षी, २००८ मध्ये, कंपनीची छापील सूचना आली. काही वाहनांमध्ये, चालू असताना, एका भागातल्या दोषामुळे इंजिन बंद पडू शकते. भाग विनामूल्य बदलून मिळेल. अर्ध्या तासात बदलून मिळाला. मला पुरावा नको होता. तो मी वीतभर मोजून आधीच मिळवला होता. पण ही सूचना मी मार्च २००३ च्या पत्राशेजारी ठेवली. दोन्हींवर कंपनीचे नाव एकच. दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत.

माझा भाग मी इथे जाहीर करतो. मी निष्ठेच्या नावाखाली बायकोवर अविश्वास दाखवला. हा दोष मी घेतो तो कुणी सांगितले म्हणून नव्हे, त्या पत्राला मी मान डोलावली म्हणून. मी तिची क्षमा मागितली आहे आणि ती, काही अटींवर, मिळाली आहे.

आता तुमचा भाग. ज्या कंपनीला मी तीस वर्षे माझी म्हटले, तिच्या अध्यक्षांना मी विचारतो. खाजगी पत्र नको. ते मी पुन्हा मोठ्याने वाचीन आणि त्याने काही भरून येणार नाही. तुमचे दोषारोपाचे वाक्य आमच्या टेबलावर सर्वांसमक्ष वाचले गेले होते, म्हणून ते मागेही सर्वांसमक्ष घेतले गेले पाहिजे. ज्या वृत्तपत्रांत तुम्ही नव्या गाड्यांच्या जाहिराती देता त्यांत, त्याच आकाराच्या अक्षरांत, 'निष्ठावंत ग्राहक' हे शब्द न वापरता, एका प्रश्नाचे उत्तर द्या: जिचा गुडघा चावीपासून वीतभर दूर होता, त्या चालक बाईंची सवय नेमकी कोणती होती?