उजेडात अंघोळ

मी ब्लाउज कापते. चुकीचं कापलेलं कापड परत अखंड होत नाही, हे माझ्या हातांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे कडिया, म्हणजे आमचा सुरती गवंडी, जेव्हा हसून म्हणाला, "बेन, बाथरूमनो वळी शेनो प्लान?" म्हणजे बाथरूमला कसला आलाय प्लॅन, तेव्हा माझं टाळकं सटकलं. मी पिशवीतून शिलाईचा खडू काढला आणि वरच्या मजल्याच्या कोऱ्या स्लॅबवर त्याच्यासमोरच फतकल मारून बसले.

कडोदऱ्याच्या रस्त्याला आमचं दोन मजली घर आहे. खाली थोरले दीर, वर आम्ही. न्हाणीघर एकच, तेही खाली जिन्याखाली. वर आईसाठी एक खोली काढायची आणि तिला लागूनच बाथरूम करायचं, असं मी ठरवलं होतं. दिरांना ते पसंत नव्हतं. लेकीच्या घरी आईने कायमचं राहायचं हेच त्यांना खुपत होतं, त्यात तिला स्वतंत्र बाथरूम म्हणजे अतीच झालं. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. जे काही सुनवायचं ते दुसऱ्या कुणाला तरी सांगायचं, पण मला ऐकू येईल असं. "मिस्त्री," ते जिन्यात उभं राहून कडियाला म्हणाले, "सोयऱ्यांसाठी एवढी उठाठेव? चार फुटांची मोरी आणि दाराबाहेर एक बल्ब, भागतं की!"

भागतं. हा शब्द ऐकला की माझ्या अंगाची लाही होते.

कतारगामला आमची एक खोली होती. वडील लूमवर होते, आणि गावाकडचे आणखी चार कारागीर आमच्याच खोलीत पाळीपाळीने झोपत. कोपऱ्यात मोरी, मोरीपुढे दोरीवर टाकलेली साडी. खोलीतली बत्ती त्या मोरीच्या मागच्या भिंतीवर होती, त्यामुळे आत कुणी बसलं की साडीवर तिची सावली पडे. म्हणून बायका बत्ती बंद करून अंघोळ करायच्या. आई, शेजारणी आणि मोठी झाल्यावर मीही. चार तांबे पाणी, अंदाजाने साबण, ओल्या अंगावरच लुगडं. मला कुणी हे शिकवलं नाही, मी आपोआप शिकले. आजही त्याचा राग येतो.

खोली सुटली, साडीचा पडदा गेला, सगळीकडे पक्की दारं आली. आईची सवय मात्र गेली नाही. माझ्याकडे राहायला आल्यावरही ती खालच्या न्हाणीघराचा दिवा बंद करूनच आत बसायची. एक दिवस साबणावरून पाय घसरला आणि डावा हात कोपरात मोडला. प्लास्टर निघालं त्याच दिवशी मी कडियाला बोलावलं होतं.

तर मी खडूने आखलं. सात फूट लांब, साडेचार फूट रुंद. दार बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तर दार अडणार नाही. दाराजवळ कोरडी जागा, मग कमोड, मग अंघोळीची जागा, पाण्याचा ढाळ कोपऱ्याकडे. आईला म्हटलं, ये, बस. खडूच्या चौकोनात पाट ठेवला. ती नेसल्या लुगड्यानिशी बसली आणि कोरडी अंघोळ करू लागली. बादली इथे, मग इथे, उठताना हात कुठे जातो ते बघितलं आणि तिथेच भिंतीत दांडी लावायची खूण केली. तिचा मोडका हात नळापर्यंत पोचेना, तर नळ अर्धा फूट सरकवला. कडिया आधी हसत होता, नंतर गपचूप मापं वहीत उतरवू लागला. जिन्यातून दिरांच्या खोकल्याचा आवाज आला. मी वर पाहिलं नाही.

बत्तीच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकलं नाही. बटण बाहेर नको, आत, दाराजवळच्या कोरड्या भिंतीवर. आणि गल्लीच्या बाजूला मोठी खिडकी, दुधी काचेची. लख्ख उजेड पाहिजे, सांगितलं. खिडकीसमोरच्या आतल्या भिंतीवर, पाटाच्या बरोबर मागे, मी लांब पांढरी ट्यूब लावून घेतली. फरशा बसल्या, रंग झाला. मी भलतीच खूश होते.

आई काही बटणाला हात लावेना. "उजेडमा कोन न्हास व माय?" म्हणाली. मग काय सुचलं कोण जाणे, मला म्हणाली, "तू आत जाय, बत्ती लाय. मी बाहेरथीन दखस." दिवेलागण झाली होती. मी पाटावर बसून हात वर केले, केस सोडले, वाकले. ती हळूहळू जिना उतरून गल्लीत गेली, वर आली आणि दारातच उभी राहिली. "दखास," ती म्हणाली. "आख्खी दखास तू."

गल्लीतून दुधी काचेवर माझी सावली अख्खी दिसत होती. कापडं कापणारी, मापं घेणारी मी, आणि बत्ती मीच माणसाच्या मागे लावली होती. कतारगामच्या मोरीत होती तशीच. साडीच्या जागी दुधी काच आली, एवढाच फरक.

दिरांना कळायला वेळ लागला नाही. "मिस्त्री, खिडकी विटांनी बुजवून टाक. झगडाच नको." कडियाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, खिडकी राहील. बत्ती हलेल. नव्या फरशा फोडाव्या लागतील, तो म्हणाला. फोड, म्हटलं. ब्लाउज चुकला तर मी उसवते, गिऱ्हाइकाला अंग आवळून घे असं सांगत नाही. ट्यूब काढून खिडकीच्याच भिंतीवर, खिडकीच्या वर लावली. आता उजेड समोरून येणार आणि सावली पडली तर आतल्या भिंतीवर पडणार.

मी पुन्हा पाटावर बसले, आई पुन्हा गल्लीत गेली. या वेळी बराच वेळ उभी होती. वर आली आणि स्वतःचा साबण आत नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कडी लावली. दाराखालून उजेडाची पट्टी दिसत होती. मी बाहेर शिलाईला बसले, पण पाय मशीनवर चालेना. पाच मिनिटांत आटपणारी बाई, अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. पाण्याचा आवाजही थांबलेला. मी घाबरून दार ठोठावलं. "आई, पडलीस का?"

"पडनू नही," आतून आवाज आला. मग थोड्या वेळाने, सावकाश, "सत्तर वरीसमा पहिलांदाच मन्हं आंग नीट दखी राहिनू. थांब जराखी."

मी दाराला टेकून उभी राहिले. रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मग पुन्हा नळ सुरू झाला, मोठ्या धारेने. खालून दीर जिन्यात आले आणि ओरडले, "अरे, टाकी संपेल की!"

"संपू द्या," मी म्हटलं.