लखमाबाबाचं इंग्रजी

"टेलटेल! टेलटेल! टेलटेल!"

सगळं मैदान ओरडत होतं. मधोमध आठवीतला एक मुलगा कानांवर हात ठेवून उभा होता आणि शाळेच्या ओट्यावर हातात खडू धरून मी, तिथला इंग्रजीचा मास्तर, प्रसन्नपणे हसत होतो. हुतुतूत बाद झालेला गडी गुपचूप परत खेळतोय, हे त्या मुलानं नुकतंच मला येऊन सांगितलं होतं. त्याच्या सचोटीचा जयजयकार चाललाय अशी माझी समजूत. मीही दोन टाळ्या वाजवल्या. मुलगा रडायला लागला.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि मी जव्हारला नवा होतो. येताना एक शब्दकोश आणला होता. तो इतका जाड होता की एसटीच्या कंडक्टरनं त्याला खिडकीकडची जागा दिली आणि मी घाटभर उभा राहिलो. रात्री तो उघडून 'टेलटेल' शोधला. चहाडखोर. मी टाळ्या वाजवलेल्या हातांकडे बराच वेळ बघत बसलो. पण खरा प्रश्न वेगळाच होता. जो शब्द मी शिकवला नाही, मला येत नाही, तो या पोरांना आला कुठून?

आला होता घंटेखालून. घंटेखाली लखमाबाबा बसायचा. शाळेचा शिपाई, गाव खोडाळा. त्यानं घंटा दिली की दाभोशाचा धबधबा पडायचा थांबून ऐकतो असं लोक म्हणायचे. म्हणजे मीच म्हणायचो. या माणसाला इंग्रजीत पाणी मागता येत नव्हतं, 'गुड मॉर्निंग' म्हणता येत नव्हतं. पण इंग्रजी पोरं एकमेकांना मैदानात जे जे म्हणून चिडवतात, ते सगळं त्याला तोंडपाठ होतं. इगतपुरीला रेल्वेच्या वसाहतीत गोऱ्या आणि अर्ध्या गोऱ्या पोरांची शाळा होती. तिथं त्यानं वीस वर्षं घंटा वाजवली आणि पोरांची नाकं पुसली. पुढे ती माणसं पेट्या बांधून निघून गेली. लखमाबाबा घाट ओलांडून परत आला, एक खाकी कोट आणि हे इंग्रजी घेऊन.

माझी पंचाईत बघा. मुलं मैदानात भित्र्याला 'काउअर्डी कस्टर्ड' म्हणायची आणि माझा शब्दकोश म्हणायचा, दूध-अंड्याचा गोड पदार्थ. 'बटरफिंगर्स' तर त्यात नव्हताच. पोरांना विचारावं तर अब्रू जाणार. शेवटी शाळा सुटल्यावर घागरींच्या खोलीत मी लखमाबाबाची गुप्त शिकवणी लावली. दाराला आतून कडी. इंग्रजीचा मास्तर उपड्या घमेल्यावर आणि शिपाई खुर्चीवर, कारण खुर्ची एकच होती आणि गुरू तो होता.

त्याची शिकवायची रीत जगात दुसरीकडे नसेल. शब्दाचा अर्थ त्याला ठाऊकच नव्हता. तो शब्द लागल्यावर पोराचं काय होतं, तेवढं त्यानं पाहिलेलं.

"बाबा, क्रायबेबी म्हणजे?"

"तसा बोलला का पोरगा रडायचा थांबतो. मग घरी जाऊन रडतो."

"कॉपीकॅट?"

"त्याला बोलला का तो बी उलटून तुम्हाला तोच बोलतो. दोघं दमंपर्यंत."

"बटरफिंगर्स?"

"ह्यो हलका हाये. चेंडू सुटला का बोलायचा. ऐकणारा बी हसतो."

मी वहीत लिहून घ्यायचो. कोशकारांनी आयुष्यं घातली, पण 'घरी जाऊन रडतो' हे कुणाला सुचलं नाही. 'टेलटेल'वर आलो तेव्हा मीच हात वर केला. "हा मला ठाऊक आहे. चहाडखोर." लखमाबाबा शिकवणी तिथंच सोडून दिवे पुसायला उठला.

त्याचे कायदेही होते. "ल्हानग्याला बोलायचा नाय. बरोबरीच्याला बोलायचा. आन बोललास का तिथंच उभा ऱ्हायचा, पळायचा नाय." मुलं हे कायदे माझ्या व्याकरणापेक्षा बरे पाळायची.

महिन्याभरात मी मैदानात उतरलो. एका पोराच्या हातून झेल सुटला, मी ओट्यावरून 'बटरफिंगर्स' अशी आरोळी ठोकली आणि सगळं मैदान माझ्याकडे वळून हसलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी आपणहून माझ्या गळ्यात पंचाची शिट्टी अडकवली. कुठल्याही परीक्षेच्या निकालानं मला एवढं वर उचललं नव्हतं. मी शिट्टी घालून जेवायचो. झोपायचोसुद्धा.

मग ठाण्याहून तपासणीला साहेब आले. शाळेत दोन माणसं हंगामी होती, मी आणि लखमाबाबा. आमचे दोघांचे कायम होण्याचे कागद साहेबांच्या चामडी पिशवीत. वर्गतपासणी झकास झाली. संध्याकाळी सामन्याचा पहिला चेंडू झेलून साहेबांनी खेळाचं उद्घाटन करावं, अशी टूम हेडमास्तरांनी काढली. चेंडू अगदी हळू आला. इतका हळू, की वाटेत कुणी तरी त्याला चहा पाजला असावा. साहेबांनी दोन्ही हात पुढे केले, चेंडू त्यांमधून निघून पोटावर आपटला आणि पाचवीतलं एक शेंबडं पोर खणखणीत आवाजात म्हणालं, "बटरफिंगर्स."

लखमाबाबाच्या कोष्टकाप्रमाणे ऐकणाऱ्यानं हसायला हवं होतं. साहेब हसले नाहीत. त्यांना शब्द कळला होता.

"हे मुलांना कोण शिकवतं?" त्यांनी विचारलं.

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. आता तिथंच उभं राहायचं होतं, कायदा तसा होता. शरीरानं मी राहिलोही उभा. पण तोंड पळालं. आयुष्यात एवढ्या चटकन मी इंग्रजी कधी बोललो नव्हतो.

"द प्यून, सर."

वर बोटही दाखवलं, घंटेकडे.

लखमाबाबाला बोलावलं. तो कोटाची बटणं लावत आला. घागरींच्या खोलीतली कडी, माझी वही, घमेलं, यातलं एक जरी त्याच्या तोंडून निघालं असतं तरी माझा कागद पिशवीतच राहिला असता.

"व्हय साहेब, म्याच शिकीवला," तो म्हणाला. "मास्तरांना यातला काय बी ठावा नाय."

साहेबांनी ते लिहून घेतलं. माझ्याविषयीचा इतका खरा शेरा सरकारदफ्तरी दुसरा नसेल.

मी कायम झालो. लखमाबाबाची मुदत पुढे वाढली नाही. जायच्या दिवशी त्यानं शेवटची घंटा दिली, घंटेचा हातोडा खुंटीला अडकवला, कोट घडी करून काखेत मारला आणि खोडाळ्याची वाट धरली. मी वर्गात होतो. खिडकीकडे पाठ करून फळ्यावर काही तरी लिहीत होतो; काय लिहिलं ते मुलांनाही वाचता आलं नाही.

त्या संध्याकाळी शिट्टी घालून मैदानात गेलो. मुलं कोंडाळं करून उभी होती. मी शिट्टी वाजवली. "आज खेळ नाही, सर," एक जण अदबीनं म्हणाला. मी ओट्यावर परतलो आणि खेळ सुरू झाला. पंच म्हणून एक मुलगा तोंडात दोन बोटं घालून शिट्ट्या मारत होता. ज्या पोराला सगळ्यांनी टेलटेल म्हटलं होतं, तेच ते. त्याला परत घेतलं होतं.

दोन महिन्यांनी मी खोडाळ्याच्या बाजाराला गेलो. मोटारीत सगळ्या वाटेनं माफीचं भाषण पाठ केलं. मराठीत; इंग्रजीवर माझा भरवसा उरला नव्हता. लखमाबाबा बांबूची सुपं मांडून बसला होता. "या मास्तर," म्हणाला आणि त्यानं बुडाखालचं गोणपाट काढून मला दिलं. मी बसलो. भाषणातलं एक अक्षर आठवेना. तेव्हा जुन्या सवयीनं विचारलं, "बाबा, टेलटेल राहिला होता. त्या पोराचं काय होतं?"

त्यानं समोरच्या बाईला सूप निवडून दिलं, ती गेल्यावर उरलेली सुपं सारखी केली.

"काय बी नाय व्हत," तो म्हणाला. "दोन-चार दीस खेळात घेत नाय. मग तो जाऊन सगळ्यांम्होरं सांगतो का माझा चुकला, आन घेतात परत."